सातारला फुटलेली भाकणूक

१० फेब्रुवारी, शेंडगे वस्ती

आले एकदाची. आटपाडीच्या पुढं वडाप मिळेना, शेवटी डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटवर बसून टेम्पोतून आले. दिल्लीत माझ्या दारावर 'प्रा. सोनम शेंडगे, आंतरराष्ट्रीय संबंध' अशी पाटी आहे. टेम्पोवाल्यानं विचारलं, "भाकणूकवाल्या जोतीरामआप्पाची पुतणी न्हवं का तू?" व्हय म्हटलं. इथं माझी ओळख तेवढीच, आणि खरं सांगायचं तर मला ती पाटीपेक्षा बरी वाटते.

रजा काढलीय ती पुस्तकासाठी. महासत्तांची स्पर्धा आणि देशांची महानीती. आजवर सगळं इंग्रजीत लिहिलं, मराठीत हे पहिलंच. सांगलीच्या प्रकाशकांना पाडव्याच्या सुमारास सगळं हातात हवंय. बाकी प्रकरणं झालीत, शेवटचं अडलंय. ज्या सत्तेची ताकद ओसरायला लागली तिनं काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. अख्खा हिवाळा त्यावर बसून काढला आणि एक पान धड झालं नाही.

आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, कोइमतूरला, गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळता गाळता पोरीच्या शाळेचे हाल नकोत म्हणून मला आप्पा-काकींकडं ठेवलं, ते ठेवलंच. त्यांना मूल नाही. मला दोन आया आणि दोन बाप आहेत असं मी दिल्लीत सांगते, तेव्हा लोकांना गंमत वाटते.

अंगणात पाय टाकला. आप्पा लिंबाखाली बसले होते. मी तोंड उघडायच्या आत काकी आतून कडाडली, "आवं, सोनम आलीया! दिल्लीची आपली सोनम!" आप्पांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, "यं की, यं." काकीचा आवाज भलताच चढलाय. कान गेले असणार बिचारीचे. सांगलीला नेऊन दाखवायला हवं.

१२ फेब्रुवारी

आज आप्पांना महानीती समजावली. देशाकडं फौज असते, पैसा असतो, मित्र असतात. ह्या सगळ्याचा मेळ घालून पुढच्या पन्नास वर्षांत कुठं पोचायचं ते ठरवायचं, ती महानीती. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यात पाऊस कुठं आला?"

"पाऊस न्हाई हो त्यात, आप्पा."

"मग कसली गं ती? पावसाबिगर सुरवातच व्हईत न्हाई."

त्यांचंही बरोबर. त्यांची भाकणूक नेहमी पावसानंच सुरू होते. चैत्रात बिरोबाच्या जत्रेला, उपास धरून, देवळाच्या पायरीवर उभं राहायचं आणि येत्या वर्षाचं सांगायचं. आधी पाऊस, मग पीक, मेंढरं, रोगराई, आणि शेवटी राज्य आणि जग. वर्षातून एकदाच, त्या पायरीवरच. एरवी तोंडातून अक्षर काढायचं नाही. आज्जा बोलायचे, त्यांच्या मागं आप्पा. तसं बघितलं तर माझाही धंदा तोच, कोणती सत्ता पुढं काय करील ते सांगायचा. फरक एवढाच की आप्पांच्या भाकणुकीला आसपासची सगळी गावं लोटतात आणि माझे निबंध मोजकी माणसं वाचतात, त्यातली निम्मी चुका काढायला.

१७ फेब्रुवारी

आप्पा सकाळी अंघोळ करून, फेटा बांधून, माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. "वाच," म्हणतात. मी वाचते. काय सांगू किती बरं वाटतं! दिल्लीत नवराही माझं लिखाण 'रविवारी वाचतो' म्हणायचा, तो रविवार काही आला नाही, आणि मग नवराही राहिला नाही.

पण आज डोकं फिरलं. तैवान कुठं आहे ते त्यांनी परत विचारलं. कालही विचारलं होतं, परवाही. नकाशा काढून दाखवला, तरी पुन्हा तेच. मी म्हटलं, "आप्पा, माझी परीक्षा घेताय व्हय?" ते हसले. घेतायतच. विद्यापीठातले एक म्हातारे सर असंच करायचे, एकच प्रश्न चार दिवस फिरवून विचारायचे आणि उत्तर बदलतंय का बघायचे. आप्पा पक्के आहेत.

२३ फेब्रुवारी

आप्पांना पहिलंच प्रकरण हवं असतं. दुसरं काढलं की म्हणतात, "पयल्यापासनं वाच की गं." त्यात जुनी महासत्ता आणि तिच्यावर चालून येणारी नवी महासत्ता, समुद्रावरची त्यांची ओढाताण, आणि मधल्या देशांनी काय करावं हे सगळं आहे. माझ्या मते पुस्तकातलं तेच सगळ्यात चांगलं प्रकरण. आप्पांना बरोबर कळलं.

दुपारी धनाजीकाका आले. ते बिरोबाचे पुजारी, पंचांत त्यांचाच शब्द चालतो. फाटकातून आत येतायत तोवर काकी ओरडली, "आवं, देवळातलं धनाजीभावजी आल्यात!" अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं असेल. धनाजीकाका चहा पिऊन झाल्यावर जरा घुटमळत म्हणाले, "जोतीरामदादा, गेल्या साली पिकाच्या ओळीला थांबलासा तुमी. वयानं व्हतं तसं. औंदा आमच्या पोराला, बिरदेवाला, उभा करावा का?"

आप्पा ताडकन उठले. "माझ्या बापाची पायरी हाय ती! जीव असंतवर मीच बोलणार!"

धनाजीकाका गेले. काकी चुलीपुढं बसून राहिली. मी म्हटलं, बोलला एखादे वर्षी बिरदेव, तर काय बिघडलं? ती म्हणाली, "ह्या माणसाचं सगळं गेलं तर चालंल मला. पर ती पायरी जाया नगं. औंदा एकडाव तरी नीट बोलू देत त्यांस्नी." डोळ्याला पदर लावला आणि वर मलाच म्हणाली की धूर झालाय.

बिरदेवच्या डोळ्यात ती पायरी आहे, हे तर उघड आहे. सत्तांतराचा दाब आणि तोही घरातल्या चहावर. मी पहिल्या प्रकरणात हेच तर लिहिलंय!

३ मार्च

साताऱ्याहून फोन. निवृत्त सुभेदार वजीर मुलाणी. तिथल्या माजी सैनिकांचं चर्चामंडळ चालवतात. "मॅडम, आमची सगळी मंडळी लडाखला, अरुणाचलला राहून आलेली. चीन आमी दुर्बिणीतनं बघितलाय, तुमी पुस्तकातनं सांगा. एकदम फर्स्टक्लास चाय मिळंल." असल्या आमंत्रणाला नाही कोण म्हणेल? मी आप्पांनाही न्यायचं ठरवलं.

काकीनं थयथयाट केला. "त्यांस्नी न्हाई न्यायचं!"

"का पण?"

"का म्हंजी? न्हाई तर न्हाई."

मी पण ऐकणारी नव्हे. अलीकडं ती त्यांना एकट्याला कुठं सोडतच नाही. विहिरीवर निघाले की मागं, शाळू काढायला निघाले तरी मागं. आमच्या शास्त्रात ह्याला कोंडी करणं म्हणतात, आणि कोंडी केलेली सत्ता कधीतरी उसळतेच. तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं शास्त्र घाल चुलीत." मग माझा दंड धरून म्हणाली, "हात सोडू नगंस त्येंचा. गर्दीत सोडू नगंस." म्हटलं, ठीक आहे गं बाई, ते काय तान्हं बाळ आहेत?

९ मार्च, सातारा

आज मी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या ऐकल्या. खऱ्या टाळ्या, नाहीतर परिषदेत बोटांवर बोटं टेकवतात तेवढंच.

हॉल गच्च होता. पांढऱ्या मिशा, टोप्या, काहींच्या कोटावर पदकं. वजीरचाचांनी आप्पांना पहिल्या रांगेत बसवलं. मी पहिलं प्रकरणच सोपं करून सांगितलं. प्रश्न सुरू झाले. मागून एक जण उठले, आमच्याच जत भागातले, साताऱ्यात स्थायिक झालेले. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं झालं. पर हितं शेंडगे वस्तीचं म्हाराज बसल्यात. त्येंनी सांगावं, चीन-अमेरिकेचं काय व्हणार?"

मी हसले. आप्पा उठले. चपला काढल्या, डोळे मिटले, अंगाला कंप सुटला, आणि हॉलचं छत फाटेल असा आवाज लागला:

"थोरली गादी हालल! धाकटी गादी फुगल! दर्यात गलबतं भिडतील! मधल्या देसा, पाय रवून ऱ्हा! दोनी ताटांत जेवू नगं, उपाशी बी ऱ्हाऊ नगं!"

बाई गं! माझं पहिलं प्रकरण! मी बरीच पानं खर्ची घातली आणि आप्पांनी पाच ओळींत उरकलं. म्हातारे सैनिक उभे राहून 'चांगभलं' म्हणत होते. वजीरचाचांनी डोळे पुसले. आप्पांनी पुतणीची लाज राखली. एवढं लक्ष देऊन ऐकत होते तर रोज! सगळ्यांसमोर मी त्यांच्या पाया पडले.

एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. कराड गेल्यावर म्हणाले, "औंदा जत्रा लवकर उरकली, न्हाई?" मी खो खो हसले. म्हातारा फार मिश्कील झालाय.

११ मार्च

कर्म माझं. हॉलमध्ये एक बातमीदार होता. आज पेपरात आलंय: 'बिरोबाची यंदाची भाकणूक साताऱ्यात; महासत्ता हलणार'. खाली आप्पांचा फोटो, हात वर केलेला.

वस्तीवर सकाळपासून माणसं. भाकणूक पायरीवर व्हायच्या आधी सातारच्या हॉलात, चहाच्या कपांत बोलली गेली. असं कधी घडलं नव्हतं म्हणतात. धनाजीकाकांनी निरोप धाडला, पंच बसणार आहेत. देवाची वाणी एकदा होऊन गेली असेल तर औंदा पायरी रिकामी राहील, नाहीतर आप्पांच्या जागी दुसरा माणूस उभा राहील.

आप्पांना विचारलं, "तुमी गंमत म्हणून बोललात ना, आप्पा? माझं प्रकरण?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "गंमत? देवाच्या पायरीवर गंमत करतू व्हय मी?"

"पायरी कुठली आप्पा, साताऱ्यात होतो आपण."

"सातारला कवा गेलो आपुन?"

मी हसायचा प्रयत्न केला. मला हसू आलं नाही.

१२ मार्च

काकी भाकरी थापत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, खरं काय ते सांग. तिनं काठवट बाजूला सारली.

"माझ्या कानाला काय धाड भरली न्हाई. दिवाळीच्या आदीपासनं माणसं वळखीनात ते. आल्या माणसाचं नाव मी आदीच वरडून सांगते, म्हंजी त्येंची फजिती व्हईत न्हाई. तुझं बी तसंच. तू आलीस तवा..."

"मला ओळखलं नव्हतं?"

"मी वरडल्यावर वळखलं की."

मी खूप बोलले तिला. का सांगितलं नाहीस, फोन का केला नाहीस, इतके महिने वाया गेले, औषधं असतात, डॉक्टर असतात. तिनं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू दवाखाना काढला असतास. वस्तीला कळलं असतं. मग कुणी त्येंस्नी पायरीवर चढू दिलं असतं का? एकडाव बोलू देत, मग काय ती तुझी औषधं पाज, एवढंच माझं हुतं. आन् तू आलीस तसं रोज आंगूळ करून, फेटा बांदून बसायला लागलं. लय दिसांनी असं बसलं बघ. मला वाटलं, लागतंय ध्यान, लागू दे."

तैवान. रोज तेच पहिलं प्रकरण. मला वाटलं आवडलं म्हणून मागतात. त्यांना ते रोज नवं होतं, आणि ऐकून ऐकून अंगात मुरलं, भाकणुकीत जाऊन बसलं. देव कुठला आणि पुतणी कुठली ते त्यांना वेगळं करता येईना.

जगातल्या सत्तांच्या हालचाली वाचते म्हणून मला पगार देतात. समोर बसलेला माणूस मला वाचता आला नाही. आज काही लिहवत नाही.

१५ मार्च, सांगली

डॉक्टरांकडं नेऊन आणलं. काकीही आली, मोटारीत दोघांच्या मध्ये बसून राहिली. डॉक्टर भले होते. गोळ्या दिल्यात, त्यानं वेग जरा मंदावेल, गेलेलं परत येणार नाही. नवं आधी जाईल, जुनं जास्त टिकेल, घाईगर्दी आणि गोंगाट टाळा. मी विचारलं, जत्रेत भाकणूक? डॉक्टर म्हणाले, "लहानपणापासून करतायत ना? मग ते कदाचित सगळ्यात शेवटी जाईल. पण खात्री मी देणार नाही."

बाहेर आल्यावर आप्पांनी भडंग मागितलं. तिघांनी एका पुड्यातून खाल्लं. आप्पा खुशीत होते आणि मला ते बघून रडू येत होतं, म्हणून मी मिरची जास्त लागली असं सांगितलं.

२० मार्च

पंच बसले. देवळापुढच्या मांडवात सगळी वस्ती. काल मी तीन पानं मुद्दे काढले होते, एकही उपयोगाचा नव्हता. आजार सांगायचा नाही, काकीला तसा शब्द दिलाय. मग उरलं काय? मी उभी राहिले आणि म्हटलं, "ती भाकणूक न्हवती. ते माझ्या पुस्तकातलं हाय. मीच आप्पांस्नी सांगितलं, सातारच्या लोकांना तुमच्या चालीत म्हणून दावा. चूक माझी."

पुस्तकाची पानं पुढं केली. थोरली सत्ता, धाकटी सत्ता, समुद्र, मधले देश. बिरदेवनं वाचून दाखवलं, सगळं तेच निघालं.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. आप्पा उठले. "पोरी, देवाच्या शब्दावर हक्क सांगतीस? मी बोललो ते देवानं बोलीवलं. तुझं कसं?"

सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. 'व्हय, देवाचंच' म्हटलं असतं, तर पायरी गेली असती. मी म्हटलं, "न्हाई आप्पा. ते माझंच हाय." आप्पांच्या तोंडावर जे उमटलं ते मला कधी विसरता येणार नाही. ते पाठ फिरवून बसले.

धनाजीकाकांनी आप्पांकडं पाहिलं, काकीकडं पाहिलं आणि पटकन निकाल दिला. वाणी फुटलेली नाही. पायरी जोतीरामदादांची. पण देवाच्या माणसाला नाटक करायला लावलं म्हणून पुतणीनं जत्रेपर्यंत रोज देवळाचं अंगण झाडायचं आणि पायऱ्या धुवायच्या. इतक्या सहज मानतील असं वाटलं नव्हतं. माझं बोलणं पटलं असणार.

२७ मार्च

प्राध्यापक सोनम शेंडगे सध्या रोज उजाडताना खराटा मारतात. बायका येता-जाता चेष्टा करतात. "दिल्लीला बी तूच झाडतीस व्हय गं?" आज वजीरचाचा साताऱ्याहून आले, पेपरातल्या गोंधळाबद्दल हात जोडायला. मला खराट्यासकट पाहून त्यांनी सॅल्यूट ठोकला आणि बादली उचलून विहिरीवर गेले. पंचांना विचारलंसुद्धा नाही.

आप्पा अजून माझ्याशी बोलत नाहीत. गंमत म्हणजे रोज सकाळी भांडण विसरून टेबलासमोर येऊन बसतात, मी पहिलं प्रकरण काढत नाही, मग त्यांना कुठंतरी दुखल्यासारखं आठवतं आणि उठून जातात. कशावरून रागावलोय ते आठवत नसेल, राग मात्र शिल्लक आहे. ह्यावर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

३० मार्च, पाडवा

प्रकाशकांना फोन करून सांगितलं, शेवटचं प्रकरण जमत नाही, आणखी मुदत द्या. काय कारण म्हणाले. म्हटलं, अभ्यास कमी पडतोय.

जत्रेसाठी मी बेत आखले होते. पहिला: पाऊस, पीक आणि मेंढरं एवढंच बोलायचं आणि खाली उतरायचं, जगाचा विषयच नको. आप्पांकडून घटवून घेतलं. जुन्या भाकणुका त्यांना खडान्‌खडा पाठ, दुष्काळाच्या सालाची अख्खी म्हणून दाखवली, अंगावर काटा आला. पण थांबायचं कुठं ते सांगितलेलं सकाळी पुसलेलं असतं. दुसरा: अडले की मी खालून शब्द सुचवायचा. काकी म्हणाली, "पायरीखालनं बाई बोलली तर जत्रा उठंल." तिसरा बेत सुचलाच नाही.

काकी पुरणाला चटका देत होती. "आपुन कोण ठरीवणार? देव बोलंल, न्हाईतर न बोलंल. मी हितंच उभी ऱ्हाणार." आज आप्पांनी माझ्या ताटात आपल्या हातानं पोळी वाढली. माफ केलं की राग विसरले, ते समजलं नाही. पोळी खाल्ली.

१३ एप्रिल, जत्रा

पाय दुखतायत, अंगाला, केसांना सगळीकडं भंडारा आहे. पण आजचं आजच लिहायला हवं.

ऊन कलल्यावर ढोल थांबले. माळ माणसांनी भरला होता. आप्पा उपाशी, पांढऱ्याशुभ्र फेट्यात, पायरीवर चढले. मी आणि काकी खाली, बायकांच्या पुढच्या रांगेत. काकीनं माझा हात धरला होता, नखं रुतली तरी मी सोडवून घेतला नाही. रीत अशी की आप्पांनी एक ओळ बोलायची आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुजाऱ्यानं ती पुन्हा मोठ्यानं म्हणायची. धनाजीकाका शेजारी उभे होते.

आवाज लागला.

"मिरगाचं पाणी निम्मं! हस्ताचं पाणी रानभर!"

धनाजीकाकांनी ओळ उचलली. चांगभलं.

"शाळवाला दाणा भरल! बाजरी काजळल!"

चांगभलं.

"मेंढराच्या खुराला जपा! धनगरा, कातळावर तळ टाकू नगं!"

चांगभलं! भंडारा उधळला. मला वाटलं, बास, आता उतरा आप्पा, सगळं झालं. गेल्या वर्षी थांबलेली ओळसुद्धा पार पडली. पण मागून कुणीतरी ओरडलं, "जगाचं सांगा!" आणि माणसं शांत झाली. सगळ्यांनी पेपर वाचलेला.

आप्पांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ते समोर बघत होते. डोळे सगळ्या माळावरून फिरत होते आणि कुठंच टेकत नव्हते. मी मनात म्हणत होते, थोरली गादी, आप्पा. म्हणा, थोरली गादी हालल. माझं घ्या, सगळं पुस्तक घ्या, मी कुठंच हक्क सांगत नाही.

धनाजीकाकांनी मेंढराची ओळ पुन्हा म्हटली, मोठ्यानं, सावकाश. लोकांनी चांगभलं केलं. आप्पा गप्पच. धनाजीकाकांनी तीच ओळ तिसऱ्यांदा घेतली, जणू रीतच आहे अशी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसाला सगळं माहीत होतं. पंच बसले त्या दिवशीही, चहा प्यायला आले तेव्हाही. आणि मी बिरदेवच्या सत्तांतरावर निबंध लिहीत बसले होते.

आप्पांच्या अंगात पुन्हा कंप आला. आवाज मघासारखा मोठा नव्हता, पण तिथं कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

"सोनम घरला यील."

धनाजीकाका क्षणभर थांबले. राज्य नाही, जग नाही, गादी नाही. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पावसाची ओळ म्हटली होती त्याच आवाजात म्हणाले, "सोनम घरला यील!"

"चांगभलं!" माळभर. कोण सोनम ते निम्म्यांना माहीतही नसेल.

"लांब गेलीया. यील. तिची वाट बगा. दार लावू नगा."

धनाजीकाकांचा आवाज ह्या ओळीला फुटला, पण त्यांनी ती पुरी केली. चांगभलं. भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालं. काकी ओक्साबोक्शी रडत होती आणि मी तिच्याही वर. वस्तीवरच्या बायकांनी आम्हाला मधे घेतलं, काही विचारलं नाही.

आप्पांना खाली उतरवून मांडवात बसवलं. दूध दिलं. मी पुढं जाऊन पायाशी बसले. काकीनं नाव घ्यायला तोंड उघडलं, मी खुणेनं नको म्हटलं. आप्पा माझ्याकडं बघत राहिले, लांबून आल्यासारखे. मग हात पुढं आला आणि माझ्या डोक्यावर टेकला.

"सोनम? कवा आलीस गं?"

"आत्ताच, आप्पा."

त्यांचा चेहरा असा उजळला! मान वळवून काकीला म्हणाले, "बग तानू. आत्ता बोललो आन् आली बी. भाकणूक खोटी जाईत न्हाई माझी."

मी म्हटलं, "न्हाई जात, आप्पा. आले मी."